वजन जास्त असलेली मुलं, रोजची कामं आणि मित्रमंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः शाळेपासून जाड. आता तिशी ओलांडली, आणि गेली काही वर्षं वजन जास्त असलेल्या टीनएजर मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलत असते, तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाचे सगळे लिहून काढले. डाएट प्लॅन इथे मिळणार नाही, तो बाकी सगळीकडे मिळतो. वजनामुळे मुलं कुठे जायची थांबतात, काय करायची थांबतात आणि का, हे इथे आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरकडेच जायला हवं तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

प्रश्न: जास्त वजन म्हणजे नक्की किती? माझ्या मुलाला सगळे "अंगाने भरलेला आहे" एवढंच म्हणतात.

मोठ्या माणसांचं सोपं आहे. किलोतलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, आलेला बीएमआय २५ किंवा जास्त असेल तर वजन जास्त आणि ३० किंवा जास्त असेल तर लठ्ठपणा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मोजपट्टी. पण हे आकडे वाढत्या मुलांना लावायचे नाहीत. ५ ते १९ वयात तोच बीएमआय वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी त्याप्रमाणे वाढीच्या तक्त्यावर बघतात. १० वर्षांच्या मुलाचा बीएमआय २३ असेल तर तक्त्यावर तो लठ्ठपणात जातो आणि १७ वर्षांच्या मुलाचा तोच २३ असेल तर तो नॉर्मल असतो, इतका फरक पडतो. आणि हा आकडा चरबी किती, स्नायू किती ते सांगत नाही, त्यामुळे नुसत्या त्याच्यावरून मुलाला काही लेबल लावू नका, तक्ता डॉक्टरकडून बघून घ्या.

एक आकडा मात्र मुलांना सांगा. २०२२ मध्ये जगात ५ ते १९ वयाच्या ३९ कोटींहून जास्त मुलांचं वजन जास्त होतं, त्यातली १६ कोटी लठ्ठपणात मोडणारी. १९९० ला जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण ८ टक्के होतं, २०२२ ला २० टक्के. म्हणजे पाचात एक. आणि तरीही त्या पाचातल्या प्रत्येक एकाला वाटत असतं की असा मी एकटाच.

प्रश्न: वजनाचा आणि मित्र असण्या-नसण्याचा खरंच संबंध आहे का? की मुलाच्या मनाचे खेळ आहेत?

खरंच आहे, मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेत शाळकरी टीनएजर्सचा एक मोठा सर्व्हे झाला होता, नव्वद हजारांच्या वर मुलं, त्यात प्रत्येकाला आपल्या मित्रमैत्रिणींची नावं द्यायला सांगितलेली. त्यावरचा अभ्यास २००३ मध्ये आला. जाड मुलांनी इतरांइतकीच नावं लिहिली होती, पण त्यांची स्वतःची नावं दुसऱ्यांच्या कागदावर कमी वेळा आली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ पुढे वाचताच आलं नाही, कारण हे मला माहीत होतं, शब्दात कधी सापडलं नव्हतं. तू ज्याला आपला मित्र समजतोस तो तुला आपला समजतोच असं नाही, आणि हे मुलांना बरोबर कळतं.

अजून जुनी गोष्ट म्हणजे १९६१ ची. १०-११ वर्षांच्या मुलांना सहा चित्रं दाखवली, एक धडधाकट मूल, एक कुबड्या घेतलेलं, एक व्हीलचेअरवरचं, एकाचा एक हात नाही, एकाच्या चेहऱ्यावर व्यंग आणि एक जाड मूल. कोण जास्त आवडतं त्या क्रमाने लावा म्हणून सांगितलं. जाड मूल शेवटी. चाळीसेक वर्षांनी तोच प्रयोग परत केला, २००३ मध्ये निकाल आला, जाड मूल परत शेवटीच आणि नावड आधीपेक्षा वाढलेली. तेव्हा तुमची मुलगी "मला कुणी घेत नाही" म्हणते ना, तर "असं काही नसतं गं" म्हणून ते उडवून लावू नका. आधी ऐकून घ्या.

मित्रांची नावं लिहायला सांगितलेल्या त्या अमेरिकेतल्या सर्व्हेत एक चांगली गोष्टही दिसली. जी मुलं खेळात आणि शाळेच्या क्लबांमध्ये होती त्यांची नावं इतरांच्या कागदावर जास्त वेळा आली. म्हणून मी घरात बसू नका म्हणून इतकी मागे लागते.

प्रश्न: रोजच्या कामात नक्की काय अडतं? बाहेरून तर काही दिसत नाही.

मूल सांगत नाही म्हणून दिसत नाही. बुटाची नाडी बांधायला वाकलं की पोट मध्ये येतं, श्वास कोंडतो, म्हणून मुलं एकदाच सैल बांधून ठेवतात आणि रोज तसाच पाय घुसवतात. उकाड्यात चालून चालून मांड्या एकमेकींवर घासतात, साल निघतं, संध्याकाळी अंगावर पाणी घेतलं की झोंबतं, आणि जागा अशी की आईलासुद्धा सांगवत नाही. जमिनीवर मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात आणि उठताना हात टेकायच्या आधी कुणी बघतंय का ते बघावं लागतं. हाताची प्लास्टिकची खुर्ची दिसली की मनात आधी हिशोब सुरू, मावेन का, मोडेल का. दोघांच्या सीटवर अर्धवट, अंग चोरून बसायचं म्हणजे शेजारच्याला त्रास नको. ग्रुपचे टीशर्ट मागवायचे असले की साईज विचारणारी ती यादी सगळ्यांच्या हातातून फिरते, आणि आपला साईज लिहायची वेळ आली की पेन जड होतं.

आणि जिना. माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. मधल्या लँडिंगवर मी रोज थांबायचे आणि दप्तरात काहीतरी शोधतेय असं दाखवायचे. काहीच शोधत नसायचे, धाप लागलेली दिसू नये एवढंच.

ह्याच्यामागे साधं कारण आहे. वजन जास्त असेल तर तेच अंतर त्याच वेगाने चालायला शरीराला जास्त ताकद आणि जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे बारीक मित्रासाठी जे आरामात चालणं ते ह्याच्यासाठी व्यायाम होऊन जातं. आता चौघं गप्पा मारत चाललेत, तिघं बोलतायत, हसतायत, आणि चौथा गप्प आहे. लोकांना वाटतं हा शिष्ट आहे किंवा बुजरा आहे. त्याला बोलायला श्वास उरलेला नसतो हो!

झोपेचंही असंच. जास्त वजनाच्या काही मुलांचा श्वास झोपेत मध्येमध्ये अडकतो, घोरतात, रात्रभर बिछान्यात असूनही झोप पूर्ण होत नाही, मग वर्गात डुलक्या आणि कुणीतरी म्हणतं बघा आळशी.

२००३ मध्येच आलेल्या अजून एका अभ्यासात, तीव्र लठ्ठपणासाठी हॉस्पिटलमध्ये आलेल्या १०६ मुलांना रोजचं हालचाल करणं, मूड, मित्र, शाळा ह्याबद्दल विचारलं, तर त्यांनी स्वतःच्या जगण्याला दिलेले मार्क कॅन्सरवर केमोथेरपी चालू असलेल्या मुलांच्या जवळपास होते. जास्त वजनाच्या प्रत्येक मुलाचं असं नसतं, हे लक्षात ठेवा. पण तीव्र लठ्ठपणात त्रास केवढा असू शकतो ते कळतं.

प्रश्न: खरं सांगा, आळस आणि खा-खा हेच कारण नाही का?

नाही. खाणं आणि हालचाल ह्यांचा वाटा आहेच, तो कुणी नाकारत नाहीये. पण कुणाचं वजन किती वाढणार ह्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, जुळ्यांवरच्या अभ्यासांमधून तो साधारण ४० ते ७० टक्के धरला जातो. दत्तक गेलेल्या मुलांवरचा १९८६ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यात मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती, वाढवलेल्यांशी नाही. शिवाय अपुरी झोप, काही औषधं, हार्मोनचे आजार, खेळायला जागाच नसणं, सतत समोर येणारं स्वस्त गोड-तेलकट खाणं, हे सगळं आहे. एकाच घरातली, एकाच ताटातलं खाणारी दोन भावंडं बघा, एक काडी आणि एक जाड. मग जाड असलेल्याचाच तेवढा दोष कसा?

प्रश्न: मी ठरवलंय, आधी वजन कमी करणार, मग स्विमिंग, डान्स क्लास, ट्रिप सगळं. बरोबर आहे ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि ह्याचंच उत्तर मी सगळ्यात कळकळीने देते. नको करूस असं.

मी केलंय. मला नाटकात काम करायचं होतं, शाळेत ऑडिशनचा कागद लागला की मी तो रोज वाचायचे आणि म्हणायचे पुढच्या वर्षी, दहा किलो कमी झाले की. पुढच्या वर्षी परत तेच. अशी पाच वर्षं गेली, मग शाळाच संपली. वजन कमी झालं नाही आणि नाटकही झालं नाही. आता मागे वळून बघते तर स्टेजवर उभं राहून बोलायला वजन आड येण्यासारखं काहीच नव्हतं.

वजन कमी व्हायला महिने लागतात, वर्षं लागतात, काहींचं फार कमी होतही नाही. लहानपणी आणि टीनएजमध्ये लठ्ठपणा असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा तो मोठेपणीही राहतो, टीनएजर्सच्या बाबतीत तर जवळपास ८० टक्के जणांचा, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये मांडलंय. मी हे घाबरवायला सांगत नाहीये. तू जगणं त्या आकड्यावर टांगून ठेवलंस तर ते किती लांबेल एवढंच कळावं म्हणून सांगतेय. पंधराव्या वर्षीची मैत्री पंचविसाव्या वर्षी करता येत नाही. आणि वजनाचं म्हणशील तर घराबाहेर पडणारा, कुठल्यातरी ग्रुपमध्ये असणारा मुलगा जास्तच हलतो, खोलीत बसून वाट बघणारा नाही.

प्रश्न: पण मला खरंच जमत नाही काही गोष्टी. तुम्ही म्हणता जा, पण धाप लागते त्याचं काय?

बरोबर आहे, आणि म्हणूनच एक वही घे. गेल्या महिन्यात कशाकशाला "नको, मी नाही येत" म्हणालास ते सगळं लिही. मग प्रत्येकापुढे लिही, हे शरीरामुळे की लोकांमुळे.

जागतिक आरोग्य संघटनेची २००१ ची एक चौकट आहे, अपंगत्व आणि रोजचं जगणं समजून घेण्यासाठी केलेली. त्यात एखादं काम शरीराला करता येणं ही एक गोष्ट धरलीय, त्या प्रसंगात प्रत्यक्ष सामील होणं ही वेगळी, आणि आजूबाजूची माणसं आणि वस्तू अडथळा करतायत की मदत, हेही त्यात मोजलंय. मला ही विभागणी फार कामाची वाटते. टेकडी चढायला गेलो नाही, का? गुडघे दुखतात, हे शरीराचं. त्याला उपाय म्हणजे छोटा रस्ता, मध्ये थांबे, चांगले बूट, फिजिओथेरपिस्ट, किंवा वर नाही गेलो तरी पायथ्याला जाऊन बसायचं आणि सगळे खाली आले की एकत्र खायचं. मित्राच्या वाढदिवसाला गेलो नाही, का? फोटो काढतात. हे लोकांचं. तिथे गुडघ्याचा काही संबंध नाही, आणि तिथे वजन घटवून काही सुटणार नाही, तिथे एक विश्वासातला मित्र सोबत लागतो.

मी ज्या ज्या मुलांना ही यादी करायला लावली त्यातल्या बहुतेकांना स्वतःलाच नवल वाटलं, कारण त्यांना वाटत होतं सगळं शरीरामुळे आहे आणि निम्म्याहून जास्त ओळींपुढे "लोक" असं लिहिलेलं निघालं.

प्रश्न: मित्र मस्करीत जाड्या, ढोल्या म्हणतात. मीही हसतो. पण घरी आल्यावर वाईट वाटतं. सांगितलं तर म्हणतील हा सेन्सिटिव्ह आहे.

वाईट वाटतंय ना, मग ती मस्करी नाही. हसलास ते ठीक आहे, आपण सगळेच हसतो त्या वेळी, सुचतच नाही दुसरं काही. पण ग्रुपमध्ये जो सगळ्यात समजूतदार आहे त्याला एकट्याला गाठ आणि साधं सांग की मला त्या नावाने हाक मारलेली आवडत नाही, माझं नाव घेत जा. सगळ्यांसमोर भाषण देऊ नकोस, एकट्याला सांगितलेलं लवकर उतरतं. त्याने तुला खऱ्या नावाने हाक मारायला सुरुवात केली की दोन-तीन जण आपोआप तसंच करतात. आणि एखादा मुद्दाम चालूच ठेवतो, पैसे काढतो, मारतो, फोटो एडिट करून ग्रुपवर टाकतो, तर ती छळवणूक आहे, स्क्रीनशॉट ठेव आणि घरी, शाळेत मोठ्या माणसाला सांग. चुगली होत नाही ती.

जग आपोआप सुधारेल ह्या भरवशावर राहू नका. लोकांच्या मनातले छुपे पूर्वग्रह मोजणाऱ्या एका मोठ्या ऑनलाइन टेस्टचे २००७ ते २०१६ चे निकाल बघितले तर वंश आणि लैंगिकता ह्याबद्दलचा पूर्वग्रह कमी झालेला दिसतो, शरीराच्या वजनाबद्दलचा मात्र उलट वाढलेला.

प्रश्न: बाहेरच्यांचं सोडा, घरचेच बोलतात. प्रत्येक ताटावर कॉमेंट.

माहितीये. आणि बोलणाऱ्यांना खरंच काळजी असते, म्हणून जास्त अवघड जातं. हे उत्तर घरच्यांना वाचून दाखव.

आईबाबा, काका, मावशी, आजी, सगळ्यांनाच सांगते. अमेरिकेत २०१३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या घरात आईवडील मुलांशी वजनाबद्दल, जाडीबद्दल बोलत होते त्या घरातल्या टीनएजर्समध्ये उपाशी राहणं, उलट्या काढणं, डाएटच्या गोळ्या असले प्रकार जास्त होते, आणि जिथे बोलणं चांगलं खाण्याबद्दल होतं, वजनाबद्दल नाही, तिथे कमी होते. तेव्हा "अजून घेतोस?" हे वाक्य घरातून काढून टाका. भाजी सगळ्यांच्या ताटात सारखी वाढा, रात्री जेवून झाल्यावर सगळे मिळून चाला, घरात गोड पेय आणायचंच बंद करा, पण सगळ्यांसाठी, एकट्या जाड मुलासाठी वेगळा कायदा नको. आणि पाहुण्यांनी विषय काढला तर मूल समोर असताना तुम्हीच तो तोडा, मुलाला उत्तर द्यायला लावू नका. तुम्ही गप्प बसलात तर त्याला वाटतं तुम्हालाही ते पटलंय.

प्रश्न: मला चारचौघात खायला लाज वाटते. सगळे माझ्या ताटाकडे बघतात असं वाटतं.

हे फार मुलामुलींना होतं. बाहेर दोन घास खायचे, "भूक नाही" म्हणायचं आणि मग घरी एकटं असताना पोट दुखेपर्यंत खायचं, आणि नंतर रडू येतं. असं आठवड्याला होत असेल, खाताना थांबताच येत नाहीये असं वाटत असेल, तर तो खाण्याचा विकार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, डॉक्टर किंवा मानसोपचार तज्ज्ञ ह्यांना दाखव. तोपर्यंत एक कर, दुपारचं जेवण चुकवू नकोस. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री आवरत नाही, त्यात तुझा मनाचा दुबळेपणा नाही, भूक तशीच असते.

प्रश्न: मुलींना जास्त त्रास होतो का?

त्रास वेगळा होतो. मुलींवर दिसण्याचं दडपण जास्त, कपड्यांवरून बोलणं जास्त, काहींची पाळी लवकर सुरू होते, काहींची पीसीओएस ह्या हार्मोनच्या आजारामुळे अनियमित, चेहऱ्यावर लव, आणि मग घरी बसणं. १९९३ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, १६ ते २४ वयात वजन जास्त असलेल्यांना सात वर्षांनी परत बघितलं, तर त्या मुलींचं शिक्षण थोडं कमी झालेलं, घरातलं उत्पन्न कमी, लग्न झालेल्यांचं प्रमाणही कमी. दमा, सांधेदुखी असे इतर जुने आजार असलेल्यांमध्ये असं दिसलं नव्हतं, म्हणजे हे आजारपणापेक्षा लोकांच्या वागण्याचं जास्त असणार.

मुलगे मात्र सांगतच नाहीत. छातीवर चरबी असते म्हणून टीशर्ट पुढून ओढत राहतात, पोहायला जात नाहीत, खेळताना शर्ट काढायची वेळ आली की तिथून काढता पाय घेतात. बाबांनो, त्यांना विचारा. मुलगा आहे म्हणून त्याला काही वाटत नसेल असं धरून चालू नका.

प्रश्न: मी शाळेत खेळ शिकवतो. माझ्याकडून काय होऊ शकतं?

खूप होऊ शकतं सर. दोन कॅप्टननी एकेक गडी निवडायचा ही पद्धत बंद करा, कारण शेवटी कोण उरतं ते तुम्हाला माहीत आहे आणि ते मूल ते आयुष्यभर विसरत नाही. टीम तुम्ही पाडा, नंबर देऊन पाडा. धावण्याची टेस्ट असेल तर शेवटचा येईपर्यंत बाकीचे रांगेत उभे राहून बघतायत असं नको, ज्याचं झालं त्याला पुढचं काम द्या. वजन घ्यायचंच असेल तर आडोशाला घ्या आणि आकडा मोठ्याने वाचू नका. शिक्षा म्हणून पळायला लावू नका, पळणं ही शिक्षा वाटली की ते मूल परत पळणार नाही. आणि जाड मुलांना नेहमी स्कोअर लिहायला बसवलं जातं, चांगल्या मनाने, पण नका बसवू. जोर लागतो अशा खेळात, फेकण्यात, रस्सीखेचेत तीच मुलं भारी पडतात, एकदा त्यांना तिथे उभं करून बघा.

प्रश्न: व्यायाम सुरू करायचाय पण सगळे बघतील.

सुरुवातीला बघणारे कमी असतील अशी वेळ आणि जागा निवड, त्यात काही कमीपणा नाही. आकडा असा आहे की ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. पण २०१६ च्या आकड्यांप्रमाणे जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलांची ती होत नव्हती, म्हणजे बारीक मुलंही बहुतेक सगळी नापासच आहेत. तू दहा मिनिटांपासून सुरू कर. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. मांड्या घासत असतील तर आतून गुडघ्यापर्यंतची घट्ट शॉर्ट आणि आधी थोडं व्हॅसलीन, ह्या एका गोष्टीने कित्येकांचं चालणं चालू राहिलंय. पाण्यात गुडघ्यांवर भार फारसा येत नाही, सायकलवरही कमी येतो. आणि जे आवडेल तेच कर. नाचायला आवडतं तर नाच.

प्रश्न: डॉक्टरकडे कधी जायचं?

एकदा तरी जाच. पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका. मूल लंगडायला लागलं किंवा मांडी, जांघ, गुडघा दुखतोय म्हणालं तर, कारण वाढत्या वयात वजन जास्त असताना खुब्याच्या हाडाचं टोक घसरू शकतं आणि दुखणं गुडघ्यात जाणवतं, तेव्हा चालवत न बसता त्याच दिवशी दाखवा. जोरात घोरणं आणि श्वास अडकणं. सतत डोकेदुखी आणि नजर धूसर होणं. मानेवर, काखेत त्वचा काळी जाड होणं, ते मळ नाही, घासू नका, इन्सुलिनचं काम बिघडत असल्याची खूण असू शकते. आणि मूल उदास आहे, सगळं सोडून दिलंय, जगण्यात अर्थ नाही असं बोलतंय, तर लगेच, वजनाचं नंतर बघता येईल.

डॉक्टरांना रोजच्या कामातल्या अडचणी सांगा, नाडी, जिना, आंघोळ, झोप, सगळं. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने लठ्ठपणाची जी नवी व्याख्या मांडली त्यात नुसत्या बीएमआयवर आजार ठरवू नये असं म्हटलंय आणि रोजच्या हालचालीत, आंघोळ-कपड्यांसारख्या कामात येणारी अडचण हा आजार ठरवायचा एक निकष धरलाय. तेव्हा ह्या बारीकसारीक तक्रारी वाटल्या तरी सांगायच्याच.

प्रश्न: औषधं, ऑपरेशन मुलांना देतात का?

काहींना देतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात लठ्ठपणा असेल तर १२ वर्षांपासून औषधांचा आणि तीव्र लठ्ठपणात १३ वर्षांपासून ऑपरेशनसाठी तपासणीचा विचार सांगितलाय, सोबत कुटुंबासह खाणं-हालचालीचं मार्गदर्शन, तेही ३ ते १२ महिन्यांत निदान २६ तास. जाहिरात बघून, मित्राने दिली म्हणून कुठलीही गोळी, पावडर, इंजेक्शन नको.

प्रश्न: वजन कमी झालं की मित्र मिळतात का?

काही अडचणी सुटतात, धाप कमी होते, कपडे मिळतात. पण पाच वर्षं खोलीत बसलेल्याला माणसांत मिसळायची सवय गेलेली असते, ती वजनाबरोबर परत येत नाही, वेगळी लावावी लागते. ऑनलाइन मित्र असतील तर तेही खरेच मित्र आहेत, तोडू नका, फक्त त्यातल्या जवळ राहणाऱ्या एखाद्याला प्रत्यक्ष भेटायचं बघा, सार्वजनिक जागी आणि घरी सांगून.

प्रश्न: माझी मैत्रीण जाड आहे. तिला वाईट न वाटता मी काय करू शकते?

तिला विचारायचं सोडू नकोस. "तिला जमणार नाही" म्हणून न विचारता परस्पर ठरवलेला प्लॅन सगळ्यात जास्त लागतो, येणार की नाही ते तिला ठरवू दे. बसायची जागा आधी बघून ठेव. फोटोत तिला मागे ढकलू नकोस. डाएटचे व्हिडिओ पाठवू नकोस. हळू चाल, आणि ती थांबायच्या आधी तू थांब.

तिसऱ्या मजल्याच्या त्या जिन्यावर माझी एक मैत्रीण होती. मी लँडिंगवर दप्तर उघडायला लागले की ती खाली बसायची आणि बुटाची नाडी सोडून परत बांधायची. रोज. मला खूप उशिरा लक्षात आलं की तिची नाडी सुटलेली कधीच नसायची.